मूक होता, बधिर नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या अंकात निधन वार्तांच्या रकान्यात चार ओळी आल्या होत्या. वडगाव येथील मूकबधिर युवकाचे वयाच्या २४ व्या वर्षी निधन, पश्चात आई, वडील, बहीण, रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ९ वाजता. त्या चार ओळींत एक शब्द चुकलाय. चूक तुमच्या माणसाची नाही, माझी आहे. मजकूर फोनवरून मीच सांगितला होता. बाहेर बांबू बांधायचं चाललेलं, आत बायकांची रडारड, आणि पलीकडून एक पोरगा घाईघाईनं विचारतोय, "त्याला काय होतं?" मी म्हटलं, बोलत नव्हता. "म्हणजे मूकबधिर?" मी म्हटलं, हां, तसंच लिही.

बारावं झाल्यावर त्याची आई गिरणीत आली. हातात जोंधळ्याचा डबा आणि डब्याच्या झाकणावर तुमच्या पेपरातलं ते कात्रण. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावजी, त्याला ऐकायला येत होतं की ओ."

येत होतं. पंधरा वर्षं पोरगा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तरी हे मला त्यांनी येऊन सांगायला लागलं. म्हणून हे पत्र.

त्याचं नाव इथं देत नाही, वहिनी नको म्हणाल्या. गल्लीत सगळे त्याला बाबू म्हणायचे, तेच लिहितो. माझी वडगावात पिठाची गिरणी आहे, वडिलांच्या वेळेपासूनची. गिरणीच्या मागं चाळ, तिथं बाबूचं घर. वडील यंत्रमागावर. आमच्या भागात सकाळी उठल्यापासून मागांची खटखट असते, नवा माणूस आला की डोकं धरतो, आम्हाला ती बंद पडली तरच जाग येते.

बाबू पहिल्यांदा गिरणीत आला तो २०१० च्या पावसाळ्यात, नऊ वर्षांचा असताना. आला म्हणजे सापडला. घराचं दार उघडं राहिलं होतं, आईबाप गल्लीभर हाका मारत फिरत होते, आणि हा माझ्या गिरणीच्या भिंतीला दोन्ही तळवे आणि गाल टेकून उभा. मोटर चालू असली की ती भिंत थरथरते. मी हाक मारली, खांद्याला हात लावला, टाळी वाजवली. ढिम्म. मीही तेव्हा मनात तोच शब्द म्हटला, बहिरं आहे बिचारं. तेवढ्यात वहिनी धापा टाकत आल्या. त्यांनी हाक मारलीच नाही. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून नुसता एकदा वाजवला. गिरणी चालू होती, लक्षात घ्या. पोरगं गर्रकन वळलं.

अशी मुलं हाकेला वळत नाहीत म्हणून सगळ्यात आधी कान तपासतात. बाबूचे तिसऱ्या वर्षीच तपासून झाले होते, कान उत्तम होते. मग निदान झालं ऑटिझमचं, म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी, बोलणं-मिसळणं वेगळं. त्याच्या आधी आणि नंतरही घरच्यांनी काय काय केलं ते आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको. वेखंड उगाळून जिभेला लावलं. पोपटानं टोचलेला पेरू खायला घातला. सौंदत्तीला जाऊन यल्लम्माला चांदीची जीभ वाहिली. एकानं सांगितलं गरोदरपणात ग्रहण पाळलं नसणार, दुसऱ्यानं सांगितलं आईचं लक्ष नाही. हे दुसरं वहिनींना फार लागलं होतं. त्यांना धीर एवढाच, की एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांनीसुद्धा अशा मुलांचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं, आणि ते कधीच मोडीत निघालंय. त्यांना हे कुणीतरी सांगितलं तेव्हा बाबू बारा वर्षांचा झाला होता.

आणि भाषा. ती आमच्या बेळगावात कुठं सुटते? बाबू चार वर्षांचा असताना एका तज्ज्ञांनी सांगितलं की पोराच्या कानावर दोन-तीन भाषा पडतात, त्यानं तो गोंधळतो, घरात एकच भाषा ठेवा. कुठली? तर जिथं शिकायला पाठवणार होते तिथं इंग्रजी चालायचं, म्हणून इंग्रजी. वहिनी सातवी शिकलेल्या. त्या माउलीनं दोन वर्षं पोराशी मराठी बोलणं बंद केलं. कम. सिट. ईट. एवढ्या तीन-चार शब्दांवर आई-लेकराचा संसार चालला. अंगाई बंद, दृष्ट काढताना पुटपुटायचं तेही बंद. पोटात कालवाकालव झाली तर न बोलता नुसतं जवळ घ्यायच्या, म्हणजे घरात दोघंही मुके. पुढं दुसऱ्या एका बाईंनी सांगितलं की असं काही नसतं, तुमच्या तोंडात जी येते ती भाषा बोला. दोन भाषा कानावर पडल्यानं अशा मुलांचं बोलणं जास्त मागं पडत नाही, हे आता अभ्यासांतूनही दिसलंय. त्या रात्री वहिनींनी पोराला सगळी दोन वर्षं साचलेली मराठी ऐकवली, असं त्याचे वडील सांगतात. पहाटेपर्यंत बोलत होत्या.

बाबूला मराठी कळायची आणि कानडीही कळायची. चाळीत कोपऱ्यावर एक अक्का राहतात, कानडी. त्या रोज विचारायच्या, "एनप्पा, ऊट आत?" जेवण झालेलं असलं की हा त्यांच्या बांगड्यांना बोट लावून पुढं जायचा. झालेलं नसलं की हात धरून आपल्या घराच्या दाराशी न्यायचा. आता ह्याला उत्तर म्हणायचं नाही तर काय?

२०११ च्या जनगणनेला मास्तर आले होते तेव्हा मी तिथंच होतो. घरातल्या एकेकाची मातृभाषा विचारत बाबूपर्यंत आले. हा पायरीवर बसून चपलेचा पट्टा काढतोय, घालतोय. मास्तरांनी त्याच्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं, पेन थांबलं. नियम असा आहे की तान्हं मूल असेल किंवा माणूस बोलत नसेल तर आईची भाषा लिहायची. मास्तरांना तो ठाऊक होता, त्यांनी 'मराठी' लिहिलं. इथं एकेका माणसाच्या मातृभाषेवर १९५६ पासून वाद चाललाय, आणि आमच्या बाबूचा एक आकडा त्यात पडला. वहिनींना फार आनंद झाला होता. मला म्हणाल्या, "बघा, बोलत नाही तरी मराठीत धरलं."

गिरणीत तो काय करायचा, तेही सांगतो. रोज दुपारी तीनला यायचा, सातला जायचा. घड्याळ बघता यायचं नाही, पण पाच मिनिटं इकडं-तिकडं नाही. आला की पहिलं काम डबे. बायका डबे ठेवून जातात, कुणी चिठ्ठी लावतं, कुणी नुसतं झाकणावर खडूनं लिहितं. बाबू सगळे डबे भिंतीला लावायचा, सगळ्या कड्या एका बाजूला. एकाची जरी कडी उलटी राहिली तरी त्याला घरी जाता यायचं नाही. पाऊस असो, आई बोलवायला येवो, तो डबा सरळ होईपर्यंत पाय हलायचा नाही. डबा कुणाचा हे त्याला वाचता येत नव्हतं, तरी माहीत असायचं. बाई दारात दिसली की तिचा डबा पुढं. चिठ्ठ्यांची अदलाबदल मी दोनदा केली असेल, दोन्ही वेळा त्यानं मी पुढं केलेला डबा बाजूला सारला आणि खरा पुढं केला. लोक म्हणायचे देवाची देणगी आहे. मला तसं काही वाटत नाही. माझ्या बापालासुद्धा सगळे डबे ओळखू यायचे. ज्याचं लक्ष डब्यात, त्याला डबे ओळखू येतात.

दुसरं काम पीठ बघायचं. कापडी बाहीतून पीठ पडायला लागलं की हा हात खाली धरायचा, चिमूट अंगठ्यानं बोटावर घासायचा, आणि मनासारखं नसलं की माझं मनगट धरायचा. असा धरायचा जसं आपण पळी धरतो. माझा हात उचलून त्या चाकावर नेऊन ठेवायचा, ज्यानं दगड जवळ-लांब करतात. स्वतः चाकाला हात लावायचा नाही, माझ्याच हातानं फिरवून घ्यायचा. सुरुवातीला मला राग यायचा, माझा हात म्हणजे काय पाना आहे? नंतर कळलं की अशा मुलांचं हे मागणंच असतं, आपण तोंडानं मागतो, तो हातानं मागतो. दहातल्या सहा वेळा त्याचं बरोबर असायचं, पीठ खरंच जाड पडत असायचं. उरलेल्या चार वेळा नुसती चाक फिरवायची हौस.

एप्रिल-मेमध्ये शेजारच्या डंकावर मिरची कांडायला लागली की तो येत नसे. ते दोन महिने मलाच डबे लावायला लागायचे आणि माझे वाकडे लागायचे.

आता एक गोष्ट लिहायला हात थरथरतो, पण 'बधिर' लिहून बसलोय म्हणून लिहितो. बाबू सोळा-सतरा वर्षांचा असेल. एक गिऱ्हाईक आलं, जुनं, लग्नाकार्याचं मोठं दळण माझ्याकडंच आणणारं. घाईत होतं. रांगेतला पहिला डबा पायानं सरकवून त्यानं आपलं पोतं पुढं ठेवलं. बाबूनं डबा परत जागेवर आणला. त्यानं परत सरकवला. तिसऱ्यांदा बाबू किंचाळला आणि स्वतःचाच हात चावायला लागला. त्या माणसानं त्याला मुस्काटात दिली. आणि म्हणाला, "असली जनावरं घरात बांधून ठेवावीत." मी मोटरकडं बघत उभा राहिलो. काही बोललो नाही. दळून दिलं, पैसे घेतले. गिरणीत त्या दिवशी बोलता येणारे आम्ही पाच जण होतो.

त्या दिवसानंतर ते गिऱ्हाईक दारात आलं की बाबू उठून मागच्या खोलीत जायचा. चेहरा बघून नाही, आवाज ऐकून. रस्त्यावरून त्याचं बोलणं ऐकू आलं की आत. आता सांगा, बधिर?

बायकाही त्याच्यासमोर काय वाट्टेल ते बोलायच्या. "आई-बापाच्या मागं ह्याचं काय?" "त्यापेक्षा देवानं..." पुढचं लिहीत नाही. ओट्यावर बसून, त्याच्या डोक्यावरून बोलायच्या, जसं तो पोत्यांपैकीच एक पोतं आहे. वाईट मनानं नव्हे, हळहळूनच. पण तो तिथं असायचा, आणि त्याचे कान उत्तम होते.

पाटीचा किस्सा मात्र हसण्यासारखा आहे. २०२४ साली दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कानडी सक्तीचं झालं. माझी पाटी वडिलांच्या वेळची, पांढऱ्या पत्र्यावर निळी मराठी अक्षरं. माझं मत काय होतं ते गल्लीला ठाऊक आहे, इथं तो विषय नाही. नवी पाटी करून घेतली, वर मोठी कानडी, खाली मराठी, पिवळ्यावर तांबडी. त्या दुपारी तीनला बाबू आला, पाटीखाली उभा राहिला, वर बघितलं आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसकण मारली. आत येईना. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशी रडला. गल्लीत चर्चा सुरू. एक म्हणतो, बघा, पोराला बोलता येत नाही पण मराठीचा अभिमान आहे. दुसरा म्हणतो, फोटो काढा, पेपरला देऊ. अक्का म्हणाल्या, त्याला अक्षरं कुठं येतात, पाटी बदलली म्हणून रुसलाय. अक्कांचंच खरं होतं. रात्री मी जुनी पाटी अडगळीतून काढली आणि आत, डब्यांच्या भिंतीवर ठोकली. चौथ्या दिवशी तो आत आला, पाटीवरून एकदा हात फिरवला, आणि कामाला लागला. पाटी अजून तिथंच आहे.

गणपती विसर्जनाची मिरवणूक आमच्याकडं रात्र सरून दुसरा दिवस उजाडला तरी चालते. डॉल्बी लागला की घरांची तावदानं हलतात. बाबूला तो आवाज सोसायचा नाही, कान दाबून डोकं भिंतीवर आपटायचा. गिरणीच्या आवाजानं मात्र तो शांत व्हायचा. तोही आवाज मोठाच, पण एकसारखा, कधी थांबेल आणि कधी फुटेल याची धास्ती नसलेला. म्हणून विसर्जनाच्या रात्री मी गिरणी चालू ठेवायचो. रिकामी गिरणी चालवता येत नाही, दगडाला दगड घासतो, त्यावर टाकीनं पाडलेल्या खाचा झिजतात. मग स्वतःचे जोंधळे घ्यायचे आणि बारीक धार सोडून अगदी हळूहळू दळत बसायचं. तो पोत्यांवर भिंतीला पाठ लावून झोपायचा. एकदा पहाटे तीनपर्यंत दळलं. घरातली म्हणाली, एवढ्या पिठाचं काय करायचं? महिनाभर नुसत्या भाकऱ्या खाल्ल्या.

लॉकडाऊनमध्ये गिरणीला परवानगी होती, त्याला नव्हती. मास्क दोन मिनिटं टिकायचा नाही. चाळीच्या बाजूचं मागचं दार मी तेव्हापासून कडी न लावता ठेवायला लागलो.

दाखल्यांचं थोडक्यात सांगतो, कारण शब्दाची गफलत तिथूनच सुरू झाली. पहिला दाखला मिळाला त्यावर 'मतिमंद' होतं. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हताच, म्हणून जो खण जवळचा वाटला त्यात टाकलं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले, ऑटिझमला स्वतःचं नाव मिळालं, आणि २०१८ मध्ये हेलपाटे घालून नवा दाखला काढला. अठरा पूर्ण झाल्यावर आणखी एक कळलं. अशा मुलाचे आईबापसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडं अर्ज करून तसा कागद घ्यावा लागतो. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांनी तो वेळेवर करावा, बाबूच्या वडिलांना बँकेच्या दारात जाऊन समजलं.

मराठीत ह्याला 'स्वमग्न' म्हणतात. वहिनींना हा शब्दही आवडत नाही. "स्वतःत मग्न कुठं ओ? तुमचे डबे कोण सांभाळत होतं?" त्यांचंही बरोबर आहे. पण वर्तमानपत्रात काहीतरी एक शब्द लागतो.

तेराव्या वर्षापासून त्याला फिट यायच्या. ऑटिझम असलेल्यांत फेफऱ्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. गोळ्या चालू होत्या, चुकल्या नव्हत्या. रात्री झोपेत आली. सकाळी त्याच्या बहिणीनं चहासाठी हाक मारली, तो हाकेला कधी उठायचाच नाही, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. मग वहिनींनी किल्ल्या वाजवल्या.

त्या दिवशी दुपारी तीनला गिरणी बंद होती. दुसऱ्या दिवशी उघडली. बायकांनी डबे आणून आपल्या हातानं भिंतीला लावले, कड्या एका बाजूला. मी कुणाला सांगितलं नव्हतं.

संपादकसाहेब, विनंती एकच. दुरुस्ती छापायची तर त्याच रकान्यात छापा, आतल्या पानावर नको. मजकूर या वेळी फोनवर सांगत नाही, कागदावर लिहून सोबत जोडलाय. वहिनींना वाचून दाखवला, त्यांनी एक ओळ वाढवली, ती शेवटची.

'वडगाव येथील युवकाच्या निधनाच्या वृत्तात त्याचा उल्लेख मूकबधिर असा झाला होता. त्याला ऑटिझम होता. तो बोलत नव्हता. त्याला ऐकू येत होते. मराठी व कानडी दोन्ही कळत होते. पश्चात आई, वडील, बहीण असा परिवार आहे. तो रोज दुपारी तीन ते सात गिरणीत कामाला होता.'

आपला,
एक गिरणीवाला,
वडगाव, बेळगाव